भूत मिरचीचं बिऱ्हाड

मिरचीला फळ धरायला चार-पाच महिने लागतात. किस्से मात्र बी पेरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरायला लागतात, आणि त्यांना ना खत लागतं ना पाणी. हल्ली मी कुणाच्या मुंजीला जाऊ दे की बारशाला, पंगतीत शेजारची बाई वाकून विचारतेच, "त्या भूत मिरचीवाल्या तुम्हीच ना?" मग एक सांगावा लागतो. एक सांगितला की दुसरा त्याच्या मागे रांगेत उभाच असतो, आणि वाढणाऱ्या मुली भाताचं पातेलं घेऊन ताटकळतात. म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे बसून सांगून टाकावेत.

आधी आम्ही कोण ते सांगते. वारज्याला आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी चौघं जमतो. एक मी, मीना, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेली. दुसरे रशीदभाई, मंडईजवळ त्यांचं आजोबांपासूनचं मिरची-मसाल्याचं दुकान आहे. तिसरे बबनअण्णा. आमची सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते शेत त्यांचं होतं, आणि आता ते तिच्यातच दुसऱ्या मजल्यावर राहतात. चौथी ऋचा, आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी आयटीतली मुलगी. आमच्यात सारखं असं काहीच नाही. एकच वेड आहे: माणसाला खाता येईल न येईल इतकी तिखट मिरची कुंडीत पिकवायची.

का, म्हणून लोक विचारतात. मोगरा लावणाऱ्याला कुणी का म्हणून विचारत नाही.

* * *

मी मूळची जळगावकडची. आमच्याकडे भाजीवर बोटभर लाल तर्री नसली तर घरात कुणी आजारी आहे का, असं शेजारी विचारायचे. लग्न होऊन पुण्यात आले. पहिल्या दिवशी आमटी केली. सासऱ्यांनी एक भुरका मारला आणि ते तांब्याभर पाणी प्यायले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आपल्याकडे असं खात नाहीत हो."

त्या 'आपल्याकडे'मध्ये माझी आई, माझी मावशी, माझं अख्खं गाव बसत नव्हतं. पण नवी नवरी काय बोलणार. दुसऱ्या दिवसापासून आमटीत गूळ पडला. पुढे नोकरी, मुलगी, सासू-सासऱ्यांची आजारपणं. सगळी वर्षं घरभराच्या आमटीत एक मिरची, तीही न चिरता, देठाला धरून बाहेर काढून ठेवायची.

मग सासू-सासरे गेले, मुलगी लग्न होऊन गेली, मी रिटायर झाले. घरी बसायला लागल्यावर पहिलं काम हे केलं: बस पकडून मंडईत गेले, रशीदभाईंच्या दुकानात शिरले आणि म्हटलं, "सगळ्यात तिखट मिरची द्या."

तेव्हा आमची ओळख नव्हती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरात कोणाला हवीय?"

"मला."

त्यांनी लवंगी दिली. मी तिथेच एक मोडून खाल्ली. म्हटलं, "ही नाही." त्यांनी आतून दुसरी काढून दिली. तीही खाल्ली. "हीपण नाही."

रशीदभाई स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून एक काचेची बरणी काढली. आत सुरकुतलेल्या तीन-चार मिरच्या. "ताई, ही विकायची नाही. एका व्यापाऱ्यानं आसामहून नमुना पाठवलाय. भूत जोलोकिया म्हणतात. ही फक्त दाखवायची."

"मग हिचं बी द्या."

"नका नेऊ. झेपणार नाही."

"कोणाला? मला?"

"पुण्याला," ते म्हणाले. पण बी दिलं. कागदाच्या पुडीत बांधून, वर रबर लावून.

* * *

या मिरचीचं बी फार मिजाशीचं. साधी मिरची आठवड्यात उगवते. हिला ऊब लागते आणि तीन-तीन आठवडे ती ढिम्म हलत नाही. मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात माती-कोकोपीट भरून बी पेरलं, वर प्लास्टिक ताणलं आणि डबा फ्रिजवर ठेवला. फ्रिजचा वरचा भाग कोमट असतो.

रोज सकाळी मी स्टुलावर चढून डबा बघायचे. आमचे हे खाली पेपर वाचत बसलेले असायचे. पहिल्या आठवड्यात म्हणाले, "काय म्हणतंय?" दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "लोक मासे पाळतात, कुत्री पाळतात. तू माती पाळलीस." तिसऱ्या आठवड्यात नणंद आली. ह्यांनी तिला डब्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ती समाधी आहे. नमस्कार कर."

मी डब्याला ओलावा देत राहिले.

एका सकाळी मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर हे स्टुलावर उभे, चष्मा कपाळावर, डोळे डब्याला टेकलेले. मला बघून दचकले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मी फ्रिजवरची धूळ बघत होतो." मग खाली उतरले आणि पेपर उघडत म्हणाले, "दोन आलेत. कोपऱ्यात तिसरंही येतंय असं वाटतं."

* * *

रोपं मी पुढे गच्चीवर कुंड्यांत लावली. पहिलं फळ लाल झालं त्या दिवशी बबनअण्णा गच्चीवर टाकीतलं पाणी बघायला आले होते. माझ्या कुंड्यांपाशी थांबले. त्यांच्या वडिलांची इथं विहिरीजवळ मिरची असायची, हे ते नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

"ही कुठली म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"भूत मिरची. फार तिखट असते, अण्णा. हातमोजे घालून तोडतात."

अण्णा हसले. "मोजं? आवं ताई, आमचं अख्खं घर मिरची तोडत व्हतं. कुणाच्या हातात मोजं न्हाई बघितलं. आन् ही तर सुकलेल्या ढबूवानी दिसतीया." असं म्हणून त्यांनी फळ तोडलं आणि अर्धं दातांनी कापलं.

मी हात पुढे केला होता, पण उशीर झाला.

अण्णा चावत राहिले. "आमच्या बापाची लवंगी," ते म्हणाले आणि थांबले. मग "विहिरीच्या वरल्या अंगाला," म्हणाले आणि पुन्हा थांबले. त्यांचे कान आधी लाल झाले. मग डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, टोपीखालून घाम आला. पण गडी खाली बसला नाही आणि थुंकला नाही. कठड्याला धरून तसाच उभा राहिला, डोंगराकडे बघत. मला भीती वाटायला लागली. म्हटलं, "अण्णा, दही आणू?"

त्यांनी मानेनं नको म्हटलं. बऱ्याच वेळानं आवाज आला. "बरी हाय. जराशी गोडसर हाय." आणि ताठ मानेनं जिना उतरून गेले.

थोड्या वेळानं त्यांच्या घरून वहिनींचा फोन. "ताई, आमचं हे फ्रिज उघडून आत डोकं घालून बसल्यात. विचारलं तर म्हनत्यात, बिघाड बघतोय. तुम्हाला काय ठाव हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा रंगाची रिकामी बादली घेऊन गच्चीवर आले. बुडाला भोकं पाडून आणलेली. म्हणाले, "एक रोप द्या. या जागंत लई वरसांनी कायतरी पिकतंय."

* * *

ऋचा आमच्यात आली ती कुरिअरनं मागवलेलं बी घेऊन. कॅरोलिना रीपर. भूत मिरचीची मोठी बहीण. हिच्या फळाला विंचवासारखी नांगी असते. मुलगी अबोल, पण मिरचीबाबत एकदम कडक.

तिच्या ऑफिसातला एक सीनियर तिला सारखा डिवचायचा. कॅन्टीनमध्ये ती तिखट मागायला गेली की म्हणायचा, "तुला झेपेल का? आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला विचार." याच गृहस्थांना आणखी एक सवय होती. ऑफिसच्या फ्रिजमधले दुसऱ्यांचे डबे उघडून त्यातलं चाखायचं. कुणाचं लोणचं, कुणाची चटणी. लोक कुरकुरायचे, पण सीनियर म्हणून बोलायचं कुणी नाही.

ऋचानं रीपरचा ठेचा केला आणि छोट्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. डबीवर तीन भाषांत लिहून कागद चिकटवला: 'अतिशय तिखट. कृपया खाऊ नये.'

दुपारी मीटिंगमध्ये सीनियर आले नाहीत. तासाभरानं आले ते ओल्या शर्टानं, सुजलेल्या ओठांनी. सरळ ऋचाच्या टेबलापाशी गेले. "व्हॉट इज धिस? असं काही ठेवायचं तर नीट वॉर्निंग नको द्यायला?"

ऋचा म्हणाली, "सर, होती ना. मराठीत, हिंदीत आणि इंग्लिशमध्ये. कुठली भाषा राहिली?"

तेव्हापासून तिच्या ऑफिसात सगळ्यांचे डबे शाबूत राहतात. दोन मुलींनी तिच्याकडून रोपं नेली.

* * *

आता गॅसचा किस्सा. इथून आमचं आणि सोसायटीचं फाटलं.

भूत मिरची तव्यावर भाजायची नसते, हे मला माहीत नव्हतं. मला आईसारखा ठेचा करायचा होता: मिरची भाजायची, लसूण, मीठ, वरवंट्यानं ठेचायचं. तवा तापला, मी मिरच्या टाकल्या, आणि दोन मिनिटांत स्वयंपाकघरात उभं राहवेना. खिडकी उघडली. ती डक्टमध्ये उघडते. वास सगळ्या मजल्यांवर गेला.

आधी वरून खोकला ऐकू आला, मग खालून. मग जिन्यात धावपळ. आमचे सेक्रेटरी परचुरे घराघराची दारं ठोकत होते, "खाली चला, गॅस लीक आहे, लाइटची बटणं दाबू नका." परचुरे माणूस वाईट नाही, पण त्यांना नियम आणि नियमांपेक्षा नोटीस प्रिय.

मी गॅस बंद केला, पदर नाकाला लावला आणि सगळ्यांबरोबर खाली गेले. अख्खी विंग पटांगणात उभी राहून खोकत होती. परचुरे डोळे पुसत विचारत होते, "कुणाकडून येतोय? कुणाच्या घरात सिलिंडर बदललाय?"

हे माझ्या कानाशी कुजबुजले, "गप्प बस. दहा मिनिटांत जाईल वास."

मी तीसेक वर्षं गप्प बसून पाहिलं होतं. पुढे झाले आणि म्हटलं, "माझ्याकडून येतोय. गॅस नाही. ठेचा आहे."

क्षणभर खोकलासुद्धा थांबला. मग अण्णा मागून म्हणाले, "भाकरी टाकली का न्हाई मग?"

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली: 'इमारतीत अतितीव्र पदार्थ शिजवू नयेत.' मी खाली पेननं लिहिलं, 'अतितीव्र म्हणजे किती, ते कळवावे. घरोघरचे मासे आणि अगरबत्त्या यांनाही लागू आहे का?' दोन दिवसांनी नोटीस बोर्डावरून गायब झाली.

* * *

मध्ये एक छोटासा. ऑक्टोबरात झाडं लालभडक झाली आणि फळं कमी व्हायला लागली. मला वाटलं, गच्चीवर कुणीतरी चोरी करतंय. ऋचा म्हणाली, "काकू, चोर असता तर अँब्युलन्स आली असती." एका सकाळी लवकर गेले तर झाडांवर पोपट. चांगले आठ-दहा. एकेक भूत मिरची पायात धरून बोरं खावीत तशी खात होते. ऋचानं मोबाइलवर वाचून सांगितलं की पक्ष्यांना तिखट लागतच नाही.

मी खाली येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "चला. सोसायटीत तुझ्या हातचं आवडीनं खाणारं कुणीतरी निघालं."

मग हेच संध्याकाळी जाऊन हिरवी नेट घेऊन आले आणि स्वतः बांधली.

* * *

शेवटचा सांगते आणि थांबते.

परचुऱ्यांनी वार्षिक सभेत विषय घेतलाच. गच्ची सामाईक आहे, वॉटरप्रूफिंग खराब होतं, मिरचीच्या कुंड्या हलवाव्यात. मी विचारलं, "आणि मोगरा? कुंद? तुमचं ब्रह्मकमळ?"

"ती शोभेची झाडं आहेत. मिरची धोकादायक आहे. लहान मुलं असतात."

"पोरं गच्चीवर येत्यात कुठनं?" अण्णांनी विचारलं. "कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याकडं. आमाला देताना बी दहा येळा इचारता."

कुणीतरी हसलं, पण मतदान झालं तेव्हा हात वर गेले. एरवी माझ्या हातचं लोणचं मागून नेणाऱ्यांचेही गेले. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. सभेत मला कधीच ह्यांच्याकडे बघायची सवय नाही, कारण हे नेहमी सगळे करतात तेच करतात. विरोधात कोण, असं परचुऱ्यांनी विचारलं. अण्णांचा हात, माझा हात, आणि मग शेजारची खुर्ची करकरली. हे उठून उभेच राहिले होते. म्हणाले, "लिहून घ्या माझं. आणि माझी बायको ही झाडं फेकणार नाही, तेही लिहा."

ठराव झाला. रविवारपर्यंत गच्ची मोकळी करायची.

मी तीन दिवस नीट जेवले नाही. एवढी मोठी झाडं, फळांनी लगडलेली. गॅलरीत ऊन येत नाही. ऋचाच्या घरमालकानं कुंड्यांना मनाई केलेली. रशीदभाईंना फोन केला तर म्हणाले, "माझ्या दुकानासमोर चार ठेवता येतील. पण गल्लीत ऊन दुपारी अर्धा तास येतं. मरतील, ताई." अण्णांना सांगितलं तर ते फक्त म्हणाले, "रविवारी मानसं गोळा करा. उतरवायची तर खरी."

रविवारी सकाळी रशीदभाई दुकान उशिरा उघडायचं ठरवून स्कूटरवर आले. ऋचा आली, तिच्या ऑफिसातल्या त्या दोघी आल्या. लिफ्टमधून कुंड्या नेता येणार नाहीत, असं परचुऱ्यांनी आधीच कळवलं होतं. जिन्यानं एकेक कुंडी उतरवली. एक धरणारा, एक फांद्या सांभाळणारा. हे पाठदुखीचं नाव न काढता सगळ्यात जड ड्रम घेऊन उतरले. जिन्यात दारं किलकिली होऊन लोक बघत होते.

खाली पटांगणात परचुरे हाताची घडी घालून उभे होते. त्यांना टेम्पो कुठे दिसेना. "कुठे नेताय मग?" त्यांनी जरा मऊपणानं विचारलं. "नर्सरीला दिली का?"

अण्णांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पटांगणाच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून चार उघडी पार्किंगं आहेत. जमीन दिली तेव्हा अण्णांना मिळालेली. भिंतीवर पिवळ्या रंगात त्यांचं आडनाव आहे. अण्णांकडे गाडी नाही, ते आजही बसनं फिरतात. तीन पार्किंगं रिकामी होती. चौथ्यात, सगळ्यात जास्त ऊन येतं तिथे, परचुऱ्यांची पांढरी गाडी उभी होती. कितीतरी वर्षं तिथेच असते. ती जागा त्यांचीच आहे, असं मलासुद्धा वाटायचं.

"साहेब, गाडी काढा," अण्णा म्हणाले.

"का हो?"

"मिरचीला ऊन लागतं."

परचुऱ्यांनी भिंतीवरचं नाव जणू पहिल्यांदाच वाचलं. "अहो अण्णा, असं काय करताय? इतकी वर्षं लावतोय मी इथं."

"इतकी वरसं तुम्ही इचारलं न्हाई, मी बोललो न्हाई. आता मी इचारतोय."

"पण पार्किंगमध्ये झाडं? नियमात बसेल का ते, बघावं लागेल. मी कमिटीपुढे विषय—"

एवढ्यात वरून हाक आली. पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या भिंतीच्या समोर परचुऱ्यांची गॅलरी आहे. त्यांची आई गजांना धरून उभी होती. पंच्याऐंशीच्या पुढच्या बाई. गुडघ्यांमुळे खाली येणं बंद झालेलं, दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत असतात.

"अरे, काढ की गाडी," त्या म्हणाल्या. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुझ्या गाडीचा टप बघत बसते मी. ती लाल झाडं लावू दे तिथं. किती सुरेख आहेत."

"आई, तू आत जा. तुला यातलं माहीत नाही."

"मला दिसतंय. काढ."

परचुरे किल्ली आणायला वर गेले. परत आले, गाडी सुरू केली, फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन लावली आणि किल्ली बोटात फिरवत येऊन उभे राहिले. आम्ही एकेक कुंडी भिंतीला लागून मांडली. भूत, रीपर, अण्णांची रंगाची बादली. उन्हात सगळं कसं पेटल्यासारखं दिसायला लागलं. रशीदभाई मागे सरून बघत राहिले.

"मीना," आजींनी वरून पुन्हा हाक मारली.

"काय आजी?"

"आमच्या घरात सगळं गुळचट असतं गं. वरणभातावर चालेल अशी एखादी असली तर पाठव माझ्याकडे." मग गजांतून थोडं पुढे वाकून, होता तेवढा आवाज लावून म्हणाल्या, "ह्याला मात्र कळू देऊ नकोस."

परचुरे माझ्या शेजारीच उभे होते.